बावखलाकाठची शाळा

आमच्या वाडीच्या कोपऱ्यात एक बावखल आहे. वसईबाहेरच्या वाचकाला हा शब्द नवा वाटेल. बावखल म्हणजे विहीर नव्हे आणि गावतळंही नव्हे. जमीन उकरून केलेला मोठा खोलगट खड्डा. पावसाळ्यात तो काठोकाठ भरतो आणि ते पाणी हळूहळू मुरून आजूबाजूच्या विहिरींना गोडं ठेवतं. समुद्र आमच्यापासून जवळ. जमिनीतल्या गोड्या पाण्याचा दाब कमी झाला की खारं पाणी आत शिरलंच म्हणून समजा. आणि खारं पाणी एकदा केळीच्या मुळाला लागलं की पान कडेनं करपत जातं. हे सगळं मला पुस्तकानं नाही शिकवलं. बावखलाच्या काठावर बसून आजीनं शिकवलं. जपमाळही तिथंच शिकलो आणि दहाचा पाढाही तिथंच.

आजीला अक्षरओळख नव्हती. लाल लुगडं नेसायची. कादोडी बोलायची, म्हणजे आमची सामवेदी ख्रिस्ती लोकांची बोली. शाळेत जायच्या आधी दोन वर्षं मी तिच्या हाती होतो. माझे आईबाबा दिवसभर वाडीत राबत. आई पहाटेच टोपली घेऊन स्टेशनात जायची, लोकल गाडीनं मुंबईला भाजी विकायला. विरारहून मुंबईला लोकल सुरू झाली ती 1867 साली, आणि तेव्हापासून आमच्याकडच्या कितीतरी घरांचं मीठमिरची या गाडीवर चाललंय. घरी उरायची आजी आणि आम्ही पाच पोरं.

जपमाळेत दहा दहा मण्यांचे पाच भाग. आजी म्हणायची, "एक भाग झाला, आता किती?" "दहा." "अजून एक?" "वीस." पन्नासपर्यंत पोचलो की पाढा पाठ आणि प्रार्थनाही पाठ. वजाबाकी केळीच्या लोंगरावर. लोंगराला नऊ फण्या, खालची बारकी फणी घरी ठेवली, मग बाजारात किती गेल्या? राजेळी केळी सोलून उन्हात वाळवायची, ती सुकली की सुकेळी. निर्मळच्या जत्रेत तिला गिऱ्हाईक मिळायचं. सुकेळी वाळत घातली की पोरांनी कावळे हाकायचे आणि हाकता हाकता मोजायचं. कमी भरली तर कावळ्यानं नेली की तू खाल्लीस, याचा जबाब द्यायचा. खोटं बोलू नये ही आज्ञा मी अशी शिकलो. एकदा खोटं बोललो, तर आजीनं मारलं नाही. संध्याकाळच्या प्रार्थनेत सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणाली, "आजच्या कावळ्याला देवानं क्षमा करावी." त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

दुपारी बाराला चर्चची घंटा व्हायची. घंटा झाली की बाबा टोपी काढून उभ्याउभ्या प्रार्थना म्हणत. रहाटाचा बैलही थांबायचा. त्याला कोणी थांबवायचं नाही. वर्षानुवर्षाची सवय. पाटातलं पाणी मिनिटभर मंद व्हायचं, मग पुन्हा गाडगी वर यायला लागायची. आम्हाला वाटायचं की बैलही ख्रिस्ती आहे.

त्या काळी, म्हणजे मी अगदी लहान असताना, मिस्सा लॅटिनमध्ये असायची. व्हॅटिकनची दुसरी परिषद 1962 ते 1965 या काळात झाली, आणि त्यानंतर देवाची भाषा मराठी झाली. आजीला लॅटिनचं अक्षर कळत नव्हतं, पण उत्तरं सगळी पाठ. संतांची नावं घेताना लोकांनी 'ओरा प्रो नोबिस' म्हणायचं असतं, म्हणजे आमच्यासाठी विनंती कर. आजी म्हणायची, "वारा परनोबी." आम्हाला वाटायचं ही वाऱ्याची प्रार्थना आहे. केळीला वाऱ्याइतका दुसरा वैरी नाही. एक झोड आली की लोंगर धरलेली झाडं कमरेत मोडून पडतात. त्यामुळं वाऱ्यासाठी देवाकडं रदबदली करणं आम्हाला अगदी रास्त वाटे. खरा अर्थ मला फादरांनी सातवीत असताना सांगितला. मी घरी येऊन आजीला सांगितलं. ती म्हणाली, "तुझ्या फादरची केळी आहेत का?"

आता जरा मागं जातो, कारण ही घरातली शाळा आजीनं काढलेली नव्हती. तिलाही तिच्या आजीकडून मिळालेली.

1534 साली गुजरातच्या बहादूरशहानं वसई पोर्तुगीजांना दिली. त्यानंतर दोनशे वर्षं त्यांचं राज्य. किल्ला, मठ, चर्चं उभी राहिली, आणि आमचे पूर्वज ख्रिस्ती झाले. कोणी मनानं झाले, कोणी भीतीनं, कोणी जमीन टिकावी म्हणून. आमच्या घरी याची एकही गोष्ट सांगितली जात नाही, आणि मला वाटतं ती मुद्दामच विसरली गेली. पोर्तुगीजांनी जुलूम केला हे खरंच आहे, ते झाकण्यात अर्थ नाही. मग 1739 च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई घेतली. पोर्तुगीज गेले, त्यांच्याबरोबर गोरे पाद्री गेले. किल्ल्यातली चर्चं ओस पडली. आज तिथं लग्नाआधीचे फोटो काढायला जोडपी येतात. गोव्याकडचे थोडेसे देशी पाद्री मागं राहिले. काही ख्रिस्ती घरं पुन्हा हिंदू झाली, काही राहिली. एकाच पाटाचं पाणी पिणारी दोन घरं, एकात तुळस आणि एकात क्रूस. दोघांच्या अंगणात केळी तीच आणि पानवेलही तीच.

आजी हे सगळं एका वाक्यात सांगायची: "आमची घंटा घाटावर गेली." चिमाजी अप्पांच्या सैन्यानं वसईच्या चर्चच्या घंटा विजयाची खूण म्हणून नेल्या, त्या देशावरच्या देवळांत आहेत, हे मला फार उशिरा कळलं. 1998 साली वसईचा वेगळा धर्मप्रांत झाला, त्याच्या पुढच्या वर्षी मी वाईकडं हळदीचं बेणं बघायला गेलो होतो. बरोबरच्या शेतकऱ्यानं सांगितलं, जवळच मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा आहे, घाटावर मोठी घंटा आहे, बघून या. गेलो. कृष्णेचा घाट, दगडी बांधणी, आणि तिथं टांगलेली घंटा. तिच्यावर मारियामाता, कडेवर बाळ येशू. मी पायातली चप्पल काढली. देऊळ म्हणून काढली की आजी आठवली म्हणून, ते मला नीट सांगता येणार नाही. एक म्हातारी धुणं धूत होती. तिनं विचारलं, "कुठलं गाव?" मी म्हटलं, "वसई." ती म्हणाली, "मग ही तुमचीच की." तिच्या बोलण्यात ना खेद, ना अभिमान. मी थोडा वेळ उभा राहिलो, मग परतीची एसटी पकडली.

घंटा गेली, तरी गावात वेळ कळत राहिली. मी माझ्यापरीनं हिशेब मांडतो. पाद्री थोडे, गावं पुष्कळ. रोज उठून मिस्सा कुठून मिळणार? मग पोरांना क्रूस काढायला कोणी शिकवलं? मृताच्या उशाशी कोणी प्रार्थना म्हटली? घरातल्या बायांनी. वाडीच्या वाटेवर जे क्रूस उभे आहेत, त्यांच्यापाशी मे महिन्यात आजही आळीतली माणसं जमतात, प्रार्थना म्हणतात, चणे वाटतात. शाळा नाही, वही नाही, पण पिढीमागून पिढीला सगळं तोंडपाठ. कादोडी बोली टिकली तीसुद्धा याच शाळेत, कारण चर्चमध्ये तिला कधी जागा नव्हती.

माझी स्वतःची खरी शाळा दहावीपर्यंत. 1976 साली पास झालो, मार्क बरे होते. थोरल्या भावाला कॉलेजात घातलं होतं, तो पुढं मुंबईत नोकरीला लागला. मलाही शिकायचं होतं. बाबांचं पोटाचं दुखणं वाढलं होतं. ते म्हणाले, "वाडीला माणूस नाही." एवढंच बोलले. मी रागानं दोन दिवस बावखलावर बसून राहिलो. आजी तेव्हा खूप थकली होती, तरी काठी टेकत आली. वाटलं समजूत घालील. ती म्हणाली, "गाळ काढायचाय, पाऊस आला." बावखलाचा गाळ उन्हाळ्यात काढून केळीच्या आळ्यात घालायचा असतो. मी घमेलं उचललं. तो राग पुढं कितीतरी वर्षं माझ्यात होता. भाऊ सुट्टीत येऊन इंग्रजी पेपर वाचत बसला की वर यायचा. देवावर आणि बाबांवर असे दोन्हींकडं वाटून तो राग मी सांभाळला. आजी 1978 मध्ये गेली.

मग इमारती आल्या. 1980 नंतर नालासोपारा, विरार बघता बघता भरलं. या इमारतींना पाणी कुठून? आमच्या विहिरींतून, टँकरनं. आमच्यातल्याच काहींनी विहिरी विकल्या, हे लिहिताना लाज वाटते, पण लिहायला हवं. पाणी उपसलं तसं खारं वर चढलं. पानवेली वाळल्या. तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसई संरक्षण समितीतून आवाज उठवला. चर्चच्या पायरीवरून पाण्याबद्दल बोलणारा धर्मगुरू आम्ही प्रथमच पाहत होतो. पुढं 2020 च्या जानेवारीत ते उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा मी टीव्हीसमोर बसून होतो. आम्ही मोर्च्याला गेलो, घोषणा दिल्या. काही वाचलं, बरंच गेलं. माझ्या भावानं आपला हिस्सा विकला. तिथं आता चार मजले आहेत आणि त्यांच्या सांडपाण्याचा वास वारा फिरला की आमच्या स्वयंपाकघरात येतो. भाऊ वाईट माणूस नाही. त्याच्या मुलीच्या शिक्षणाला पैसे लागले, मलाही लागले असते तर मी काय केलं असतं कोण जाणे.

2020 च्या मार्चमध्ये कोरोनानं चर्चं बंद झाली. 12 एप्रिलला ईस्टर होता. आयुष्यात पहिल्यांदा ईस्टरला चर्चची घंटा ऐकून घराबाहेर पडायचं नव्हतं. मोबाइलवर मिस्सा लावली, चित्र मध्येच अडकायचं, फादरांचा हात वर तसाच राहायचा. बायको म्हणाली, "बंद करा ते. अंगणात बसू." आम्ही अंगणात खाट टाकली, क्रुसापुढं पणती लावली, आणि जपमाळ म्हटली. शेजारच्या घरातून आवाज आला, मग पलीकडच्या. आळीभर घराघरांतून एकच प्रार्थना, थोडी पुढंमागं. तेव्हा मला 1739 साल पहिल्यांदा नीट समजलं.

मुलगा मुंबईत कंपनीत आहे. टाळेबंदीत तो, सून आणि सात वर्षांचा नातू वाडीवर येऊन राहिले. नातवाची शाळा इंग्रजी, ती मोबाइलवर. सकाळी दोन तास, तेही नेट असेल तर. उरलेला दिवस पोरगं माझ्या मागं. त्याला मराठी वाचता येत नव्हतं. मी दहावी झालेला मास्तर. मुळाक्षरं केळीच्या पानावर काडीनं काढली, ओरखडा काळा पडतो आणि अक्षर ठसठशीत दिसतं. रात्री 'सुवार्ता'चे जुने अंक काढून जोडाक्षरं. या मासिकाचे आमच्या माळ्यावर गठ्ठे आहेत. सुनेला आधी आवडलं नाही, मुलगा मागं पडेल म्हणाली. तिचं चुकीचं नव्हतं. शाळेचा अभ्यासही मी बुडवू दिला नाही. पण बावखलात उतरून गाळाची घमेली मोजताना तो बेरीज करायला लागला, तेव्हा तीच मोबाइल घेऊन फोटो काढायला आली. प्रार्थना त्याला माझ्या बायकोनं शिकवली, आणि 'वारा परनोबी' मी. खरा अर्थ सांगून मगच शिकवला.

त्याच सुमारास मुलानं एका संध्याकाळी विषय काढला. "बाबा, एक बिल्डर विचारत होता. तुम्ही किती वर्षं करणार हे?" मी उत्तर दिलं नाही. मला रागही आला नाही, कारण त्याला मी कॉलेजात घातलं होतं, वाडीला माणूस नसताना. ते मी मुद्दाम केलं होतं. आता त्यानं वाडीत राहावं असं कोणत्या तोंडानं म्हणू? एवढंच म्हटलं की मी आहे तोवर नको. तो म्हणाला, "बरं." ते बरं कसलं होतं, मी विचारलं नाही.

17 मे 2021 ला तौक्ते वादळ आलं. सकाळपासून वारा, दुपारी तर माड जमिनीला टेकताहेत असं वाटायला लागलं. वीज गेली. कौलं उडाली. आम्ही सगळे मधल्या खोलीत बसलो. खिडकीच्या फटीतून दिसत होतं, केळी एकामागून एक बसत होत्या, लोंगर धरलेल्या, महिन्याभरात उतरायच्या. मी मोजत होतो, सवयच ती. शंभराच्या पुढं मोजणं सोडलं. बायकोनं जपमाळ काढली आणि संतांची नावं घ्यायला लागली. नातू माझ्या मांडीवर होता, डोळे घट्ट मिटलेले. प्रत्येक नावाला तो मोठ्यानं ओरडत होता, "वारा परनोबी! वारा परनोबी!" सुनेला हसू फुटलं, मग मुलाला, आणि मग मलाही. बाहेर केळी पडतच होत्या.

दुसऱ्या दिवशी मुलगा ऑफिसला फोन करून सुट्टी टाकून आला आणि न बोलता कोयता उचलला. पडलेल्या झाडांचे कच्चे लोंगर तोडून आम्ही दारात ढीग लावला. नातू फण्या मोजत होता. बावखलात माडाच्या झावळ्या पडून पाणी दिसेनासं झालं होतं. मुलानं विचारलं, "यंदा गाळ काढायचा राहिलाय ना?" मी म्हटलं, "पाऊस यायच्या आत उरकायला हवा." तो विजार गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उतरला.