विषाची मात्रा आणि पुरुषाचा जबडा

संतापलेल्या माणसाला दांतओठ खाणारा म्हणण्याची आपल्या भाषेंत जुनी चाल आहे. लहान मूल झोपेंत करकर दांत खाऊं लागलें म्हणजे त्याच्या पोटांत जंत झाले असावेत, असा तर्क घरोघरच्या आजीबाई करीत आल्या आहेत. परंतु धडधाकट प्रौढ पुरुषहि झोपेंत दांत खातात, आणि तेथें जंतांचा कांहींएक संबंध नसतो. दाढा घट्ट मिटून कानाखालीं, जबड्याच्या कोनावर बोट ठेवलें असतां जो टणक गोळा उठतो, तो आपला चर्वणस्नायु होय. गालाच्या हाडापासून खालच्या जबड्यापर्यंत हा स्नायु उतरलेला असतो. रात्रभर त्याला मेहनत पडूं लागली कीं पैलवानाच्या दंडाप्रमाणें तो फुगतो, दाढा झिजतात आणि सकाळीं कानशिलें ठणकतात. या स्नायूंत एका जहाल विषाची सुई टोंचून घेणारे पुरुष आज मोठमोठ्या शहरांतून आढळतात. कोणाला ठणका थांबावयास हवा असतो. कोणाला चेहरा निमुळता व्हावयास हवा असतो. तें विष कोठून आलें, तें औषध कसें बनलें, आणि औषध असतांहि तें विष कसें राहिलें, हें आज आपणांपुढें मांडावयाचें आहे.

या कथेचा आरंभ दक्षिण जर्मनींतील व्युर्टेम्बर्ग प्रांतांत होतो. डुकराच्या आतड्यांत किंवा जठरांत मांस व रक्त भरून तें धुरावर टिकवून ठेवण्याची तेथें रीत होती. या पदार्थाला आपण सॉसेज या नांवानें ओळखतों. सन १७९३ मध्यें विल्डबाड गांवीं असा पदार्थ खाल्ल्यामुळें १३ माणसें आजारी पडलीं आणि त्यांपैकीं ६ दगावलीं. आजार विलक्षण होता. रोग्याची शुद्ध शेवटपर्यंत कायम राही. मात्र पापण्या जड होत, एका वस्तूच्या दोन दिसत, घास गिळवत नसे, आणि अखेर श्वास चालविणारे स्नायुच थकून जात.

या आजाराचा पिच्छा पुरविणारा पुरुष म्हणजे युस्टिनुस केर्नर. हा सरकारी वैद्य होता आणि कवि म्हणूनहि त्याचा लौकिक होता. त्यानें १८२० सालीं ७६ व १८२२ सालीं १५५ रोग्यांची हकीकत छापून प्रसिद्ध केली. प्राण्यांवर प्रयोग केलेच, पण नासलेल्या सॉसेजपासून काढलेल्या अर्काचे थेंब त्यानें स्वतःच्या जिभेवरहि ठेवून पाहिले. मज्जातंतूंचा निरोप या विषामुळें स्नायूंपर्यंत पोंचत नाहीं, हें त्यानें ओळखलें. याहून महत्त्वाची गोष्ट पुढेंच आहे. ज्या रोगांत मज्जातंतु भलतेच चेकाळून अंग वेडेंवांकडें हलूं लागतें, अशा रोगांत हेंच विष अत्यंत अल्प प्रमाणांत उपयोगी पडेल, असें त्यानें लिहून ठेवलें. युक्तीनें योजलेलें विष औषध होतें आणि अयुक्तीनें दिलेलें औषध विष होतें, हा विचार आपल्याकडे चरकसंहितेंत आलेला आहे. केर्नरला चरकाची वार्ता असण्याचें कारण नाहीं. तरी निराळ्या वाटेनें तो त्याच ठिकाणीं येऊन पोंचला.

मात्र त्या विषाचा जनक कोण, हें कळण्यास आणखी पाऊणशें वर्षें लागलीं. डिसेंबर १८९५ मध्यें बेल्जममधील एलेझेल या खेड्यांत एका अंत्ययात्रेसाठीं वाजंत्री जमले होते. त्यांनीं टिकवून ठेवलेलें डुकराचें मांस खाल्लें, पुष्कळजण आजारी पडले आणि तिघे मरण पावले. गेंट येथील प्राध्यापक एमिल व्हान एर्मेंगेम यांनीं त्या मांसांतून व एका मृताच्या शरीरांतून एक जंतु वेगळा केला. हवा जेथें पोंचत नाहीं तेथेंच हा जंतु वाढतो व विष निर्माण करितो. सॉसेजला लॅटिन भाषेंत ‘बोट्युलस’ म्हणतात. त्यावरून या जंतूचें आणि रोगाचें नामकरण झालें.

विसाव्या शतकांत या विषाकडे लक्ष वेधलें तें युद्धामुळें. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत अमेरिकेंतील कँप डेट्रिक येथें जंतुयुद्धाच्या दृष्टीनें त्याचा अभ्यास झाला, आणि १९४६ सालीं तें स्फटिकरूपानें शुद्ध करण्यांत यश आलें. पुढें १९४९ सालीं लंडन येथें बर्गेन, डिकन्स व झॅटमन या तिघांनीं त्याच्या कृतीचें रहस्य उलगडून दाखविलें. मज्जातंतूच्या टोंकाशीं अॅसिटिलकोलीन नांवाचें द्रव्य बाहेर पडतें, आणि तोच स्नायूला आखडण्याचा हुकूम असतो. हें विष त्या हुकमाचा जासूद वेशीच्या आंतच अडकवून ठेवतें. स्नायु जिवंत असतो, परंतु त्याला हुकूम मिळत नाहीं. कांहीं महिन्यांनीं तंतूचें काम पूर्ववत् होतें आणि स्नायु पुन्हां हलूं लागतो. म्हणून हा उपाय कायमचा नव्हे.

केर्नरचें भाकीत खरें करून दाखविण्याचा मान सॅनफ्रॅन्सिस्को येथील नेत्रवैद्य अॅलन स्कॉट यांच्याकडे जातो. शस्त्रक्रियेवांचून डोळ्यांचा तिरळेपणा घालविण्याची त्यांची खटपट चालू होती. एडवर्ड शान्ट्झ या शास्त्रज्ञानें त्यांना शुद्ध विष पुरविलें. माकडांवरील प्रयोग १९७३ सालीं व माणसांवरील प्रयोग १९८० सालीं प्रसिद्ध झाले. डिसेंबर १९८९ मध्यें अमेरिकेच्या सरकारनें या औषधाला तिरळेपणा आणि पापण्या आपोआप आवळून मिटणें या विकारांसाठीं मान्यता दिली. तेंच पुढें बोटॉक्स या नांवानें बाजारांत आलें.

येथें मात्रेची कल्पना आपण नीट करून घेऊं. या औषधाचें माप ‘एकक’ होय. एका एककानें प्रयोगांतील उंदरांपैकीं निम्मे मरतात. शंभर एककांच्या कुपीत सुमारें ५ नॅनोग्रॅम विषप्रथिन असतें. म्हणजे एका ग्रॅमचे वीस कोटि भाग केले तर त्यांतील एक. शान्ट्झ यांनीं १९७९ सालीं केलेली १५० मिलिग्रॅमची एकच घाण अमेरिकेंत १९९७ पर्यंत पुरली! चिमूटभरहि नसलेल्या त्या विषाच्या आधारें रोग्यांना अठरा वर्षें औषध मिळत राहिलें.

सौंदर्यासाठीं या विषाचा उपयोग सुरू झाला तो योगायोगानें. कॅनडांतील व्हँकूव्हर येथें १९८७ च्या सुमारास डॉक्टर जीन कॅरुथर्स या नेत्रवैद्य बाईंकडे पापण्यांच्या विकाराचे रोगी येत असत. सुईनंतर भुंवयांमधल्या आठ्या नाहींशा होतात, ही गोष्ट तेथें लक्षांत आली. त्यांचे पति अॅलेस्टर हे त्वचारोगांचे वैद्य होते. त्या दोघांनीं १९९२ सालीं आपला अनुभव प्रसिद्ध केला, आणि २००२ सालीं अमेरिकेंत या उपयोगालाहि मान्यता मिळाली.

आतां जबड्याकडे वळूं. हा स्नायु अवास्तव वाढल्याची नोंद विकहॅम लेग यांनीं १८८० सालींच केली होती. १९४७ सालापासून त्याचा मोठा भाग कापून काढण्याची शस्त्रक्रिया होऊं लागली. परंतु तिच्यांत सूज, रक्तस्राव आणि चेहऱ्याच्या मज्जातंतूला इजा होण्याची धास्ती होती. बेल्जममधील वैद्यांनीं १९९० सालीं मेंदूला इजा झालेल्या रोग्याचें दांत खाणें विषाच्या सुईनें आटोक्यांत आणल्याचें लिहिलें. १९९४ सालीं ब्रिटनमधील एका शस्त्रक्रियाविषयक नियतकालिकांत याच सुईनें वाढलेला चर्वणस्नायु लहान केल्याचे लेख आले. काम न मिळालेला स्नायु हळूहळू रोडावतो; महिना-दीड महिन्यांत जबड्याची रुंदी कमी दिसूं लागते. कोरियासारख्या पूर्वेकडील देशांत निमुळत्या चेहऱ्याची आवड असल्यामुळें तेथें हा उपाय लवकर पसरला.

प्रथम त्याचा लाभ बहुधा स्त्रियांनीं घेतला. मागाहून पुरुष आले, आणि त्यांच्यापाशीं एक निराळाच पेंच उभा राहिला. रुंद जबडा हें मर्दपणाचें लक्षण, अशी समजूत जगांत पुष्कळ ठिकाणीं आहे. तेव्हां एक पुरुष ठणका थांबावा म्हणून सुई घेतो आणि चेहरा बारीक झाला तर काय, या चिंतेंत पडतो. दुसऱ्याला चेहराच बारीक हवा असतो. तर तिसरा जबडा रुंद व्हावा म्हणून कठीण डिंक चघळीत बसतो. एकाच स्नायूबद्दल तिघांचीं तीन मागणीं! म्हणून वैद्यानें सुई उचलण्यापूर्वीं रोग्याचा हेतु विचारणें अगत्याचें असतें. पुरुषांचा हा स्नायु सामान्यतः जाड असल्यानें त्यांना मात्राहि बहुधा अधिक लागते.

शिवाय सुईचें सामर्थ्य कोठपर्यंत चालतें, हेंहि ध्यानांत ठेवावें. ती दांत खाण्याचा जोर कमी करते, पण ती संवय मुळापासून जात नाहीं. कांहीं दिवस कठीण घास चावतांना जबडा थकतो. विष शेजारच्या स्नायूंत पसरलें तर हंसूं वांकडें दिसतें. प्राण्यांवरील प्रयोगांत चावण्याचा ताण नाहींसा झाल्यामुळें जबड्याचें हाड झिजल्याचें आढळलें आहे. म्हणून वारंवार सुई घेणाऱ्यानें तिकडे दुर्लक्ष करूं नये.

मात्रेचा बांध फुटला कीं काय होतें, याचे दाखले ताजे आहेत. २००४ सालीं अमेरिकेंतील फ्लोरिडा प्रांतांत माणसांसाठीं नसलेलें, प्रयोगशाळेंतील विष टोंचल्यामुळें चार माणसें लुळीं पडलीं. २०२३ सालीं वजन उतरावें म्हणून तुर्कस्तानांत जठराच्या स्नायूंत ही सुई घेतलेले युरोपांतील साठांहून अधिक लोक आजारी पडले. लक्षणें तींच होतीं : जड पापण्या, न गिळवणारा घास. विल्डबाडच्या त्या सॉसेजमधील रोग दोनशें तीस वर्षांनीं सुईच्या टोंकावरून परत आला होता.

श्रोतेहो, या दोन शतकांत तें विष तसूभरहि सौम्य झालेलें नाहीं. वाढलें आहे तें आपलें ज्ञान व आपली मोजमाप करण्याची शिस्त. आपल्या घरांतील कोणा पुरुषाला या उपायाची इच्छा झाली, तर त्यानें प्रथम दंतवैद्याकडून दाढा तपासून घ्याव्या, आणि दुखणें जबड्याचें आहे कीं मनावरील ताणाचें, याचाहि विचार करावा. सुई घ्यावयाचीच ठरली तर कुपी मान्यताप्राप्त आहे काय, एककें किती, आणि टोंचणारा हात शिकलेल्या वैद्याचा आहे काय, हें बेधडक विचारावें. असें विचारण्यांत वैद्याचा अपमान नाहीं. केर्नरनें तर स्वतःच्या जिभेवर तें विष ठेवून त्याची परीक्षा केली होती; आपणांस नुसते चार प्रश्न विचारावयाचे आहेत.