सायकल वाटेत बिघडली तर?



३ जून हा जागतिक सायकल दिन. संयुक्त राष्ट्रांनी तो २०१८ मध्ये जाहीर केला. आपल्याकडे तो पावसाच्या आणि शाळेच्या तोंडावर येतो. पडवीतल्या सायकली पुसून बाहेर काढायचे हेच दिवस. म्हणून आज सायकलच्या इतिहासातला एकच धागा घेऊन आम्ही तुमच्यासमोर आलो आहोत. लांबच्या वाटेवर सायकल बिघडली, तेव्हा माणसांनी काय केलं?

हा प्रश्न आमच्या गटांच्या बैठकांमधून आला. पेण-रोह्याकडच्या गावांत मुलींना सायकल मिळते, कुणाला शाळेतून, कुणाला आईच्या बचत गटातल्या कर्जातून. पहिले काही महिने ती जोरात चालते. मग एक दिवस पंक्चर होते, नाहीतर चेन तुटते. दादाला किंवा बाबांना सवड होईपर्यंत सायकल तशीच उभी राहते. आठवडा जातो, शाळा बुडते. आणि "लांब जाऊ नको, वाटेत बिघडली तर काय करशील?" हे वाक्य तर तुम्ही-आम्ही सगळ्यांनीच ऐकलेलं आहे.

अगदी सुरुवातीच्या सायकलींना पंक्चर माहीतच नव्हतं. बैलगाडीच्या चाकाला असते तशी लोखंडी धाव त्यांच्या चाकांना असे, पुढे भरीव रबर आलं. बसणाऱ्याची हाडं खिळखिळी व्हायची, पण हवा जायची भीती नव्हती. १८८८ मध्ये बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉप या जनावरांच्या डॉक्टरांनी हवेच्या टायरचं पेटंट घेतलं. सायकल मऊ चालू लागली आणि तिच्याबरोबर पंक्चरही आलं. तेव्हा टायर चाकाला चिकटवलेला असायचा. तो सोडवून, ठिगळ लावून, पुन्हा चिकटवून वाळवण्यात तासन् तास जात. १८९१ मध्ये फ्रान्सच्या मिशेलिन बंधूंनी काढता-घालता येणारा टायर आणला. त्याच वर्षी पॅरिसहून ब्रेस्टला जाऊन परत यायची सुमारे १२०० किलोमीटरची शर्यत झाली. ती शार्ल तेराँ यानं त्या टायरवर सुमारे ७१ तासांत जिंकली. वाटेत पंक्चर झालं, तरीही जिंकली. म्हणजे सायकल लांबवर गेली ती बिघडायची थांबली म्हणून नव्हे, रस्त्याच्या कडेला बसून ती दुरुस्त करता येऊ लागली म्हणून.

त्या काळात अमेरिकेत आणि युरोपात बायकाही सायकल शिकू लागल्या होत्या. १८९६ मध्ये मारिया वॉर्ड या अमेरिकन बाईंनी स्त्रियांसाठी सायकलचं पुस्तक लिहिलं. त्यात सायकलवर बसायचं कसं एवढंच नव्हतं, तर हत्यारं कोणती, ती धरायची कशी, सायकलचे भाग खोलून जोडायचे कसे, हेही होतं. पुस्तकातले फोटो ॲलिस ऑस्टेन या बाईंनीच काढले होते. जिला सुई-कात्री चालवता येते तिला पानाही चालवता येईल, असा वॉर्डबाईंचा मुद्दा होता. आम्हाला तो लगेच पटला. आपल्या हमरापूर-जोह्याच्या गणपती कारखान्यांत रंगकाम करणाऱ्या बायकांचे हात बघा. मूर्तीच्या बोटांवरून ब्रश फिरवणाऱ्या हाताला पंक्चरचं ठिगळ जड जाणार आहे का?

आता एक गोष्ट ऐका. फ्रान्समध्ये 'तूर द फ्रान्स' नावाची मोठी सायकल शर्यत १९०३ पासून होते. सुरुवातीच्या काळात तिचा नियम कडक होता. सायकल बिघडली तर ज्याची त्यानंच दुरुस्त करायची, दुसऱ्या कुणाचा हात लागता कामा नये. १९१३ च्या शर्यतीत यूजेन क्रिस्तोफ हा सायकलपटू पिरेनीज डोंगरातला तूरमाले घाट उतरत होता. त्या दिवसाचा टप्पा ३२६ किलोमीटरचा होता आणि शर्यत जिंकायची त्याला चांगली संधी होती. उतारावरच सायकलचा पुढचा चिमटा मोडला. पुढचं चाक ज्या दोन दांड्यांत बसतं, तो हा चिमटा. तो मोडला की सायकल ढकलतही नेता येत नाही. क्रिस्तोफनं सायकल खांद्यावर घेतली आणि दहा-एक किलोमीटर चालत तो सेंत-मारी-द-कांपाँ या गावी आला. तिथे लोहाराचं दुकान होतं.

क्रिस्तोफ मूळचा कुलपं बनवणारा कारागीर, त्यामुळे लोखंडाची त्याला ओळख होती. लोहारानं तोंडानं सांगायचं आणि यानं हातानं करायचं, असं काही तास चाललं. शर्यतीचे पंच शेजारी उभे राहून बघत होते. चिमटा सांधला गेला. पण एका हातानं भाता आणि दुसऱ्यानं काम कसं जमणार? म्हणून एका लहान मुलानं थोडा वेळ भाता ओढला. तेवढ्यासाठी पंचांनी क्रिस्तोफला १० मिनिटांचा दंड केला, नंतर तो ३ मिनिटांवर आणला. शर्यत तर हातची गेलीच होती. तरी त्यानं ती पूर्ण केली आणि सातवा आला. त्या गावात आजही त्याची आठवण जपली आहे.

ही गोष्ट लोक जिद्दीचं उदाहरण म्हणून सांगतात, आणि ते खरंच आहे. पण गटात काम करणाऱ्या आम्हाला त्यात तो भाता ओढणारा मुलगा जास्त दिसतो. मदत केली म्हणून दंड!

पुढे नियम बदलले. १९३० पासून त्या शर्यतीत देशांचे संघ उतरू लागले. त्या वर्षी फ्रान्सचा आंद्रे लदुक सगळ्यात पुढे होता. आल्प्समध्ये गालिबिए घाट उतरताना तो पडला, रक्तबंबाळ झाला. कसाबसा उठून निघाला, तर पुढच्या चढाला पेडल तुटलं. तो रडायला लागला, असं सांगतात. त्याचे साथीदार थांबले. रस्त्याकडेला उभ्या असलेल्या एका बघ्याच्या सायकलचं पेडल काढून त्याच्या सायकलला लावलं, त्याला मध्ये घेतलं आणि पुढच्यांना गाठून दिलं. लदुकनं तो टप्पाही जिंकला आणि शर्यतही.

दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून बघा. क्रिस्तोफला काम येत होतं, पण मदत घ्यायला बंदी होती. लदुकला माणसांची साथ होती, पण ते पेडल बसवता येणारं कुणीतरी तिथे होतं म्हणून ती साथ कामाला आली. आपल्या गटांच्या नावात 'स्वयंसहाय्यता' आहे आणि 'गट'ही आहे. वाटेवर दोन्ही लागतं.

आपल्या मातीतली उदाहरणंही आहेत. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवरून जगाच्या फेरीला निघाले. त्यांतले अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघं सुमारे ७१,००० किलोमीटर करून मार्च १९२८ मध्ये परतले. वाळवंटात आणि डोंगरात सायकलचं दुकान कुठलं मिळायला? आणि २०१८ मध्ये पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी या विशीतल्या मुलीनं सुमारे २९,००० किलोमीटरची पृथ्वीप्रदक्षिणा १५९ दिवसांत सायकलवरून केली, बहुतेक अंतर एकटीनं. "वाटेत बिघडली तर काय करशील?" हा प्रश्न तिच्यापुढे रोजच असणार.

आपल्याला जग फिरायचं नाही. पण पेणहून नागोठण्यामार्गे रोहा चाळीसेक किलोमीटर, मध्ये भिसे खिंडीचा चढउतार. शाळा, कॉलेज, धाटावच्या एमआयडीसीतलं काम, बाजार, सगळं याच रस्त्यांवर. आमच्या लहानपणी नाक्यानाक्यावर तासावर भाड्यानं सायकल देणारी दुकानं होती आणि तिथेच दुरुस्तीही व्हायची. आता बहुतेक ठिकाणी मोटरसायकलची गॅरेजं आहेत. म्हणून थोडं काम आपल्याच हातात असावं.

आमच्या गटांनी ठरवलं आहे की प्रत्येक गावात दुरुस्तीचा एक डबा ठेवायचा. त्यात पाना, पक्कड, पंप, ठिगळं, सोल्यूशन, पॉलिश पेपर आणि टायर काढायच्या पट्ट्या. शिकवायला आपलेच पंक्चरवाले काका आहेत. त्यांनी सांगितलेल्या चार गोष्टी ऐकून ठेवा. ट्यूबला ठिगळ लावलं की टायरच्या आतून फडकं फिरवून काटा किंवा खिळा शोधा, नाहीतर दहा पावलांवर पुन्हा पंक्चर. टायर फाटला असेल तर आत दुधाच्या पिशवीची जाड घडी घाला, घरापर्यंत येता येतं. डावं पेडल उलट्या आट्याचं असतं, ते घट्ट करायला पाना उलटा फिरवावा लागतो. आणि वाशी-वढावकडच्या खारेपाटातल्या मैत्रिणींनो, खाऱ्या हवेनं चेन लवकर गंजते, तिला पंधरा दिवसांनी तेलाचे थेंब द्या.

मुलीला हे आलं की आईची अर्धी काळजी जाते. उरलेल्या अर्ध्यासाठी रस्त्यावरच्या आपण आहोत. कडेला सायकल उलटी करून बसलेली मुलगी दिसली, तर गाडी थांबवा, विचारा, हवं तर नुसता पंप धरा. आपल्याकडे त्याला दंड नाही.

पुढच्या बैठकीला येताना घरातली बिघडलेली सायकल घेऊन या.