कॅसेटवरून कॉम्प्युटरमध्ये

तुमच्या घरी टेपरेकॉर्डर होता ना? मग पेन्सिलीने रीळ गुंडाळणं, हेडवर स्पिरिटचा बोळा फिरवणं तुम्हाला शिकवायला नको. याच कॅसेटवर एके काळी कॉम्प्युटरचे खेळ मिळत, हे मात्र मी इथे सिंगापूरला प्रत्यक्ष पाहिलं. एका जपानी सहकाऱ्याने वडिलांचा जुना सोनी हिटबिट टीव्हीला जोडला, शेजारी साधा टेपरेकॉर्डर ठेवला, ‘सीलोड’ टाइप केलं आणि प्ले दाबलं.

आधी लांबलचक शिट्टी, मग कर्कश घरघर. ती शिट्टी उगाच नसते. हिटबिट एमएसएक्स घराण्यातला. वेगवेगळ्या कंपन्यांच्या कॉम्प्युटरवर एकच प्रोग्राम चालावा म्हणून जून 1983 मध्ये जपानची आस्की आणि मायक्रोसॉफ्ट यांनी हा सामाईक आराखडा जाहीर केला. त्यात शून्य म्हणजे 1200 हर्ट्झचं एक आवर्तन आणि एक म्हणजे 2400 हर्ट्झची दोन. सुरुवातीच्या सुमारे सात सेकंदांच्या शिट्टीवरून कॉम्प्युटर टेपचा वेग मोजून घेतो. त्यामुळे गाणी ऐकायचा घरचा टेपरेकॉर्डर जरा हळू फिरत असला तरी निभावतं. एका बाइटमागे 11 बिट, सेकंदाला 1200 बिट; म्हणजे 16 किलोबाइटच्या खेळाला अडीच मिनिटं. मध्येच आवाज दबला की ‘डिव्हाइस आय/ओ एरर’, आणि पुन्हा पहिल्यापासून. आमचं तीनदा तसंच झालं.

शार्पच्या 1978च्या एमझेड-80के ची तऱ्हा आणखी न्यारी. टेप डेक यंत्रातच बसवलेला, पण बेसिक भाषा आत नाही. खेळाचं राहू द्या, आधी ती भाषाच कॅसेटवरून भरायची!

आता विचार करा. खेळ म्हणजे जर नुसता आवाज, तर त्याची नक्कल करायला काय लागतं? दोन टेपरेकॉर्डर आणि एक वायर. शेजाऱ्यांकडून भावगीतांची कॅसेट ‘भरून’ आणायचो, तसंच. सिंगापूरमध्ये तेव्हा 1911चा ब्रिटिश कॉपीराइट कायदा चालू होता. त्यात कॉम्प्युटरचा उल्लेख कुठून असणार? प्रोग्रामला स्पष्ट संरक्षण देणारा नवा कायदा 10 एप्रिल 1987 रोजी लागू झाला. खेळ लिहिणाऱ्यांचे पैसे बुडत होते, त्यामुळे कायदा हवाच होता, याबद्दल मला शंका नाही. पण टेपवरचा चुंबकीय थर वर्षागणिक उतरत जातो, आणि मूळ कॅसेट खराब झाली की कुणीतरी परवानगीशिवाय केलेली नक्कल तेवढी हाती उरते. अशा नकलेला चोरी म्हणायचं की जतन? मला प्रामाणिकपणे दोन्ही वाटतं.

सहकाऱ्याच्या कॅसेटवर खेळाचं नाव बॉलपेनने लिहिलेलं होतं, कोपऱ्यातली खुंटी मोडलेली. म्हणजे तीही नक्कलच. चौथ्यांदा प्ले दाबण्याआधी आम्ही तिच्या दोन्ही बाजूंचा आवाज लॅपटॉपवर उतरवून घेतला. कायद्याचा विषय दोघांनीही काढला नाही.