अप्पर-डिप्पर

गाडीच्या दिव्यांचा कसला आलाय इतिहास, असं घरातल्यांनी आधीच विचारून घेतलंय. पण आम्हा खान्देशी माणसांना रस्त्यांबद्दल बोलल्याशिवाय चैन पडत नाही. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन मोठे रस्ते धुळ्यात एकमेकांना छेदतात. आम्ही त्यांना साधं 'तीन नंबर' आणि 'सहा नंबर' म्हणत आलो. (२०१० साली सरकारने महामार्गांचे क्रमांक बदलले, सहाचा त्रेपन्न झाला. जुन्या माणसांच्या तोंडी अजून सहाच आहे.) पारोळा-एरंडोलवरून रात्री जळगावला आलेला पाहुणा चहाचा कप हातात घेण्याआधी डोळे चोळायचा आणि म्हणायचा, "डोयासमोर अंधारी उनी भो!" ही अंधारी आली कुठून, तेवढंच आज लिहायचं आहे.

सुरुवात बैलगाडीपासून. माझे आजोबा कापसाच्या गाड्या घेऊन रात्रीचे जळगावला निघत. गाडीखाली, आसाजवळ कंदील टांगलेला असे. त्या उजेडात बैलांचे पाय आणि हातभर रस्ता दिसला तर दिसला. वाट बैलांना पाठ असायची. कंदील मुख्यतः दुसऱ्याला कळावं म्हणून, की इथे एक गाडी चालली आहे. म्हणजे रस्त्यावरचा पहिला दिवा हा बघण्यासाठी नव्हता, दिसण्यासाठी होता. हे लक्षात ठेवा, शेवटी कामाला येईल.

मग मोटार आली. तिचा वेग बैलाच्या भरवशावर चालणारा नव्हता, तिला पुढचं दिसणं भाग होतं. सुरुवातीच्या मोटारींना कार्बाइडचे दिवे असत. कॅल्शियम कार्बाइडवर थेंब थेंब पाणी पडायचं, त्यातून निघणारा अॅसिटिलीन वायू जळायचा. (हे तेच कार्बाइड, ज्याने आंबे-केळी पिकवायला आता बंदी आहे. जळगावकरांना वेगळं सांगायला नको.) १९१२च्या सुमारास अमेरिकेत कॅडिलॅकने विजेचे दिवे आणले आणि पुढच्या काही वर्षांत ते सगळीकडे पसरले. उजेड वाढला, आणि समोरच्याचे डोळे दिपायला लागले.

यावर उपाय निघाला तो दोन तारांच्या बल्बचा. १९२०च्या दशकात असे बल्ब बाजारात आले. एक तार लांबवर उजेड टाकणारी, दुसरी खाली वळवणारी. आपण ज्याला अप्पर आणि डिप्पर म्हणतो, ते हेच. जुन्या अँबेसिडरला आणि जीपला डिप्परचं बटण डाव्या पायाखाली असे. समोरून गाडी आली की पायाने दाबायचं, गेली की पुन्हा दाबायचं. जुने ड्रायव्हर हे न बघता, नमस्कार करावा तितक्या सहज करत. ट्रकच्या मागे 'यूज डिप्पर अॅट नाइट' लिहिलेलं असायचं, त्याचा अर्थ कळण्यासाठी इंग्रजी यावं लागत नसे.

दिव्याला काळं फासण्याची पद्धतही आपल्याकडे होती. १९६५ आणि १९७१च्या युद्धांत ब्लॅकआउटमुळे हेडलाइटचा वरचा भाग काळा करत. ते विमानांपासून लपण्यासाठी. पण शांततेच्या काळातही कित्येक वर्षं काचेवर काळी पट्टी किंवा काळा ठिपका असे. आमच्या लहानपणी चौकात पोलीसदादा रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन उभे राहायचे आणि नव्या कोऱ्या स्कूटरला तीट लावायचे! मालकाचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. खरं तर त्या स्कूटरच्या दिव्याने कोणाचे डोळे दिपणार होते, देव जाणे. इंजिनाचा वेग कमी झाला की दिवा मिणमिणायचा, म्हणून लोक वळणावर क्लच दाबून रेस वाढवायचे. पण उपाय स्वस्त होता आणि त्यामागचा विचार बरोबर होता. दिव्याचा वरचा उजेड तुझ्या कामाचा नाही, तो समोरच्याच्या डोळ्यात जाणारा आहे.

युरोपात १९६२मध्ये हॅलोजन आणि १९७१मध्ये दोन तारांचा एच-४ बल्ब आला. पुढे तो आपल्याकडेही रुळला. नियमाचा बल्ब ६०/५५ वॅटचा. पण दुकानात 'शंभर-नव्वदचा' मिळायचा. रिले टाकून वायरिंग जाड केलं की झालं. ज्याने लावला त्याला रस्ता दिवसासारखा दिसे. मग समोरून येणाऱ्यालाही शंभर-नव्वद लावावासा वाटे, कारण याच्या उजेडात त्याला काहीच दिसेनासं होई. एकाने लावला म्हणून दुसऱ्याने, दुसऱ्याने लावला म्हणून तिसऱ्याने. शेवटी सगळ्यांकडे उजेड जास्त आणि दिसणं कमी!

कायदा या बाबतीत झोपलेला होता असं मात्र नाही. १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १०५वा नियम म्हणतो की दिव्यांनी पुढच्या १५५ मीटरवरची माणसं आणि वाहनं स्पष्ट दिसली पाहिजेत. लगेच पुढचा १०६वा नियम म्हणतो की दिव्याचा झोत खाली वळलेला (किंवा ड्रायव्हरला वळवता येणारा) हवा. किती खाली? दिव्यापासून ८ मीटरवर, अर्धा मीटर उजवीकडे, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे असतील, त्याला दिपवणार नाही इतका. मला हा नियम फार आवडतो. कायद्याने प्रत्येक दिव्यापुढे एक माणूस उभा केला आहे. दीड मीटर म्हणजे जवळजवळ उभ्या माणसाच्याच डोळ्यांची उंची.

ताशी ८० किलोमीटरला गाडी सेकंदात २२ मीटर जाते. डोळे दोन सेकंद दिपले तर ४४ मीटर आपण आंधळे चालवतो. वय वाढलं, मोतीबिंदूची सुरुवात झाली, की ते दोन सेकंद आणखी लांबतात.

१९९१मध्ये बीएमडब्ल्यूच्या महागड्या गाडीत झेनॉन दिवे आले, नंतर एलईडी. त्यांच्यासाठी वेगळी भिंगं, वेगळी रचना केलेली असते. आपल्या बाजारात मात्र नुसता बल्ब आला. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडीचा बल्ब बसवला की उजेडाचा उगम ठरलेल्या जागी राहत नाही, झोत खाली वळत नाही आणि पांढराशुभ्र उजेड सगळीकडे उधळतो. दिसायला झकास! २०१९च्या दुरुस्तीनंतर, परवानगी नसलेल्या अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. दंड भरणारा कोणी मला अजून भेटलेला नाही, बल्ब बसवलेले रोज भेटतात.

एक उपाय मात्र आपल्याकडे मुकाट्याने काम करतो आहे. चौपदरी रस्त्याच्या दुभाजकात कण्हेर लावलेली असते ना, ती नुसती शोभेची नाही. पलीकडच्या गाड्यांचा झोत अडवायला ती असते. जनावरं तिला तोंड लावत नाहीत, पाणी कमी लागतं. लळिंगच्या घाटातून जाताना तिच्याकडे जरा आदराने बघा.

पण गावाकडचे रस्ते दोन पदरीच आहेत आणि तिथे कण्हेर नाही. यावल-रावेरकडे केळीने भरलेली ट्रॉली, चोपड्याकडे बैलगाडी, शेतातून उशिरा परतणाऱ्या बाया, सायकलवरचा शाळकरी पोरगा. दोन गाड्यांचे झोत एकमेकांवर आदळतात तेव्हा मधला माणूस दोघांनाही दिसत नाही. दिव्यांच्या या स्पर्धेत ज्याच्याकडे दिवाच नाही तो आधी मरतो. दुचाकींचा दिवा १ एप्रिल २०१७ पासून दिवसाही आपोआप चालू राहायला लागला, तो दिसण्यासाठी. ऊसाच्या हंगामात ट्रॉल्यांना लाल रिफ्लेक्टर लावतात, तेही दिसण्यासाठीच. शंभर वर्षं फिरून आपण पुन्हा आसाखालच्या कंदिलाकडे आलो आहोत.

समोरची गाडी ओळखून स्वतःच झोत वळवणारे दिवे आता निघाले आहेत. ते महाग आहेत, आपल्या बोळातल्या रिक्षापर्यंत यायला वेळ लागेल. तोवर डिप्परचं बटण आहे. पूर्वी पायाखाली होतं, आता बोटाशी आहे, म्हणजे अजूनच सोपं. या उन्हाळ्यात जे गावी येणार आहेत त्यांनी शक्यतो उजेडात निघा. रात्र झालीच, तर समोरच्याने डिप्पर मारला नाही तरी आपण मारावा. त्याला दिसलं तर आपणही वाचतो.