पत्र कुणाचं, कुणाला? (खानदेशातली तीन वाचनं)

शिलालेख, पोथी आणि पत्र. तिन्हीत अक्षरंच असतात, पण तिन्ही एकाच पद्धतीने वाचायला गेलं तर काही हाती लागत नाही. खानदेशात या तिन्हीचे झकास नमुने आहेत, म्हणून या वीकेंडला तिकडे.

आधी दगड. चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणादेवीला बरेच जण ट्रेकला जातात, काही नवसाला. तिथल्या पाटणचा शिलालेख शके ११२८ चा, म्हणजे इ.स. १२०६-०७ चा. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ साली तो अभ्यासकांपुढे आणला. 'सिद्धांतशिरोमणी' लिहिणाऱ्या भास्कराचार्यांचा नातू चांगदेव. आजोबांच्या ग्रंथांचा अभ्यास चालू राहावा म्हणून त्याने इथे मठ काढला आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्याला दान दिलं. वंशावळ, राजांची स्तुती, विद्वत्तेचं वर्णन हे सगळं संस्कृत श्लोकांत. आणि शेवटी, बाजारातल्या विक्रीवरचं नि तेलाच्या घाण्यांवरचं मठाला काय द्यायचं हा भाग आला की लेख चक्क त्या काळच्या मराठीत शिरतो!

का? श्लोक पंडितांसाठी आहेत. देणं द्यायचं आहे तेली आणि दुकानदारांना, मग त्यांना कळेल असंच लिहायला हवं ना. भाषा कुठे बदलली एवढं बघितलं तरी लेख कोणाशी बोलतोय ते समजतं. शब्दांचा अर्थ लागण्याआधीच.

दुसरा नमुना पोथीचा. धुळ्याच्या श्री समर्थ वाग्देवता मंदिरात नानासाहेब देवांनी गोळा केलेल्या रामदासी पोथ्यांचा मोठा संग्रह आहे. दासबोधात (दशक १९, समास १) समर्थांनी लिहावं कसं यावर अख्खा समास खर्च केलाय. अक्षर वाटोळं नि सुटं, ओळी सारख्या, भोवती मोकळी जागा, म्हणजे कागद कडेने झडला तरी अक्षराला धक्का लागणार नाही. मार्जिनचं इतकं सोपं स्पष्टीकरण मला दुसरीकडे मिळालेलं नाही :) ही पोथी पुढच्या पिढ्यांसाठी आहे. वाचणारा लिहिणाऱ्याला ओळखत नसणार, हे गृहीतच धरलंय.

पत्राचं बरोबर उलटं, आणि खरी गंमत तिथेच आहे.

धुळ्यातच राजवाडे संशोधन मंडळ आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ ला धुळ्यात वारले आणि १९२७ च्या जानेवारीत त्यांचे कागद जपायला हे मंडळ उभं राहिलं. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा त्यांचा पहिला खंड १८९८ चा, पानिपतापर्यंतच्या पत्रव्यवहाराचा. असे एकूण २२ खंड निघाले. बखरी ऐकीव माहितीवर, मागाहून लिहिलेल्या. त्यामुळे आधी त्या वेळची अस्सल पत्रं बघा, हा त्यांचा हट्ट.

पण ती पत्रं मोडीत! मोडी म्हणजे हात न उचलता भराभर लिहायची लिपी. आधी ओळभर रेघ ओढायची, मग तिला अक्षरं लटकवायची. दोन शब्दांत जागा नाही, विरामचिन्हं नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही. मारवाडी पेढ्यांवरच्या बिनमात्रांच्या लिपीबद्दलचा तो जुना विनोद माहीत असेलच: काकाजी 'अजमेर गया' असं लिहिलेलं, घरच्यांनी वाचलं 'आज मर गया'. मोडीत इतकी वाईट अवस्था नाही, पण शब्द कुठे तोडायचा ते संदर्भावरूनच ठरवावं लागतं.

आणि संदर्भ मिळतो पत्राच्या ठरलेल्या साच्यातून. आपल्या भाषेत सांगायचं तर हेडर, बॉडी, फूटर. वर 'श्री', मग मायना. 'आशीर्वाद' आहे की 'दंडवत', 'साष्टांग नमस्कार' की 'रामराम', यावरून लिहिणारा थोर की वाचणारा, जात-नातं-हुद्दा काय, सगळं उघड होतं. शेवटी 'हे विनंती' असेल तर खालून वर चाललंय, 'जाणिजे' असेल तर वरून खाली. ईमेलच्या शेवटी नुसतं 'रिगार्ड्स' आलं की साहेब चिडलेत हे आपल्याला कळतं ना? अगदी तेच. मायना नात्याशी जुळत नसेल, तर कागद बनावट असल्याचा संशय घ्यायला जागा आहे.

तारखेची तऱ्हा तर बघा. 'छ' म्हणजे चंद्र, त्यापुढे मुसलमानी महिन्याची तारीख. वर्ष मात्र सौर, सुहूर सनाचं, मृगाला सुरू होणारं आणि अरबी शब्दांत: 'इहिदे सितैन मया व अलफ'. एक, साठ, शंभर, हजार, म्हणजे ११६१. एकं आधी, हजार शेवटी, पक्कं लिटल एंडियन! त्यात मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवले की इसवी सन. ११६१ अधिक ६०० म्हणजे १७६१. पानिपतचा जानेवारी. पत्र कोणत्या सालचं, हे या चार शब्दांवर ठरतं.

हे सगळं हौशी लोकांचं कोडं वाटत असेल, तर २०२३ आठवा. कुणबी नोंदी शोधायला न्या. संदीप शिंदे समिती नेमली आणि जिल्ह्याजिल्ह्यात जुनी दप्तरं उघडली गेली. ढीगभर कागद मोडीत, वाचणारे मात्र मोजके. आरक्षणाबद्दल तुमचं मत काहीही असो, एका ओळीच्या वाचनावर कुणाच्या तरी घरातला दाखला अवलंबून होता. आपल्याच पणजोबांच्या हातचा कागद वाचायला आपल्याला दुभाष्या लागतो, हे मला जरा जास्तच लागतं.

युनिकोडमध्ये मोडी २०१४ साली आली. मशीन अक्षरं ओळखायला शिकतील, त्याची काळजी नाही. पण 'जाणिजे' वाचून कोण कुणापुढे वाकलंय हे कळायला आधी कुणीतरी ते शिकून मशीनला सांगायला हवं. आणि त्याआधी कागद शिल्लक राहायला हवेत.

असो. तेव्हा पुढच्या वेळी जळगाव-धुळ्याकडे घरी गेलात आणि माळ्यावरच्या ट्रंकेत लांबट, पिवळे, गिचमिड अक्षरांचे कागद दिसले, तर रद्दीत घालू नका. फोटो काढा, मोडी जाणणारं कुणी शोधा. तोवर निदान शेवटची ओळ कुणाला तरी दाखवा. विनंती आहे की हुकूम, एवढं तरी कळेल.