आंरी मास्पेरो : हिणवलेल्या धर्माचा अभ्यासक

धर्माचा इतिहास बहुधा लेखणी हाती असलेल्यांनीच लिहिला आहे. चीनमध्ये ती लेखणी कन्फ्यूशियसच्या परंपरेतील अधिकारी-पंडितांकडे होती. लाओत्सेचे तत्त्वज्ञान थोर, पण सामान्य माणसांचा ताओ धर्म म्हणजे मांत्रिकांचा बाजार, असा त्यांचा निवाडा. एकोणिसाव्या शतकातील मिशनऱ्यांनी तोच उचलला. आंरी मास्पेरो या फ्रेंच संशोधकाने मात्र ज्यांच्यावर निवाडा झाला त्यांचेच ग्रंथ उघडले.

मास्पेरोचा जन्म १८८३ साली पॅरिसला झाला. वडील इजिप्तच्या प्राचीन इतिहासाचे नामवंत पंडित. विद्या घरातच होती. १९०८ मध्ये तो हनोईच्या फ्रेंच संशोधन संस्थेत गेला. ही संस्था वसाहतवादी सत्तेची होती, हे विसरून चालणार नाही. पुढे पॅरिसच्या कोलेज द फ्रान्समध्ये त्याला शावानचे अध्यासन मिळाले.

हान सम्राट मिंगला स्वप्नात सोनेरी पुरुष दिसला, त्याने दूत धाडले आणि बौद्ध धर्म चीनमध्ये आला, अशी पारंपरिक कथा आहे. ती मागाहून रचलेली आहे, हे मास्पेरोने १९१० साली दाखवले. इ. स. ६५ च्या एका राजाज्ञेतच भिक्षू आणि उपासकांचा उल्लेख सापडतो. धम्माला राजाच्या स्वप्नाची गरज नव्हती! कन्फ्यूशियन इतिहासातले आदर्श राजे मुळात पुराणकथांतील पात्रे आहेत, हे त्याने १९२४ मध्ये मांडले. पुराणाचा इतिहास करण्याची ही रीत आपल्याला अनोळखी नाही.

१४४५ साली छापलेला ताओ धर्मग्रंथांचा प्रचंड संग्रह मोजक्या मठांत पडून होता. १९२३ ते १९२६ या काळात शांघायला त्याचे पुनर्मुद्रण झाले. मास्पेरो त्यात खोल उतरला. तेथे त्याला मुक्तीचा शोध घेणारा, स्वतःची शिस्त आणि संघटना असलेला धर्म दिसला. इ. स. १८४ मध्ये पिवळे फेटे बांधून हान सत्तेविरुद्ध उठलेले शेतकरी याच प्रवाहातले. दरबारी बखरींच्या लेखी ते केवळ बंडखोर होते.

त्याचा अभ्यास मुख्यतः ग्रंथांचा होता, ही त्याची मर्यादा. जिवंत परंपरेकडे पुढच्या पिढीतील क्रिस्तोफर स्किपर वळला. १९६८ मध्ये तैवानात त्याने ताओ पुरोहिताची दीक्षा घेतली.

थोरला मुलगा नाझींविरुद्धच्या भूमिगत लढ्यात होता, म्हणून जुलै १९४४ मध्ये मास्पेरोला अटक झाली. १७ मार्च १९४५ रोजी बुखेनवाल्ड छळछावणीत त्याचा अंत झाला. ११ एप्रिलला छावणी मुक्त झाली. ताओ धर्मावरील त्याचे बरेचसे लेखन पॉल देमिएव्हिलने १९५० मध्ये प्रसिद्ध केले.

धाकटा मुलगा फ्रांस्वा प्रकाशक झाला. फ्रान्झ फॅननचे ‘द रेचेड ऑफ द अर्थ’ मूळ फ्रेंचमध्ये १९६१ साली त्यानेच छापले. बापाने हिणवलेल्यांचे जुने ग्रंथ वाचले, मुलाने हिणवलेल्यांचा नवा ग्रंथ छापला. एखाद्या समाजाचा धर्म समजून घ्यायचा तर साक्ष कोणाची काढायची, हा प्रश्न मास्पेरोने आपल्या कामातून विचारला. तो आपल्या प्रत्येक अभ्यासकाने स्वतःला विचारला पाहिजे.