पदकामागचे घर

१९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक पदक. हे आपण मुलांना सांगतो. त्यामागचे शिक्षक मात्र सांगायचे राहून जातात.

गोळेश्वरच्या या पोराकडे प्रवासाचे पैसे नव्हते. तो ज्या कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकला, तिथले प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७००० रुपये दिले. शिष्य रिकाम्या हाताने परतला असता तर? तरीही दिले. पुढे खाशाबांनी कुस्त्या भरवून, स्वतः लढून पैसे जमवले आणि ते घर सोडवले.

आमच्या झरीतली पोरे मैदानात दिसली, की मला पदकाआधी ते घर आठवते. गुरूचा विश्वास आधी लागतो, पदक मागून येते.